न मोजलेलं वर्ष

जशुभाईंनी अर्ज दोनदा वाचला,
चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले,
"बेन, केटलुं रमेली?"

एक मिनिट चाळीस सेकंद.
हंगामातला पहिला सामना, मैदानावर दव,
पाचव्या चौरसातून खो मिळाला, उठले,
तिसऱ्या पावलाला गुडघ्यात आवाज झाला
ताजी भेंडी मोडावी तसा.
मी तर पुढे धावतच होते,
पाय मागे राहिला.

नियम सोपा आहे, म्हणतात.
चार हंगाम तुझे. मैदानात पाय पडला
की त्यातला एक खर्च.
पण पाय लवकर मोडला असेल,
हंगामाचा पहिला तिसरा हिस्सा सरायच्या आत,
आणि पुढे एकाही गुणपत्रकावर तुझं नाव नसेल,
तर ते वर्ष मोजायचं नाही.
त्यासाठी कागद लागतात: सयाजी हॉस्पिटलचा शिक्का,
एमआरआयची तारीख, आणि शिर्के सरांची सही
की ही मुलगी उरलेला हंगाम बसून होती.

बसून!
आमच्या खेळात बसणं म्हणजे
उकिडवं, बोटं मातीला टेकलेली,
सगळे कान पाठीत.
मला वर्षभर तसं बसताच आलं नाही.
नवरात्रात अलकापुरीच्या मैदानाबाहेर
प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून
मैत्रिणींच्या चपला सांभाळल्या, अठरा जोड.
आत ढोल बदलला की माझी मांडी
खुर्चीवरच ताल धरायची,
गुडघा तेवढा गप्प.

फेब्रुवारीत उपांत्य फेरी.
आदल्या रात्रीचं जेवण बाधलं.
बारातल्या तिघी आडव्या, चौथी मी.
उरल्या आठ.
सरांनी मला बोलावलं नाही.
फक्त यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पेनाचं टोपण लावलंच नाही बराच वेळ.
नववी म्हणून नुसती बसले असते, तरी चाललं असतं.
(खरं तर बसता आलं असतं का, हेही माहीत नाही.)
मी पट्टा घट्ट केला.
मग सैल केला.
उर्वी वळून म्हणाली, "राहू दे गं, तुझं वर्ष जाईल,"
आणि ती हसली,
ते हसू मला अजून नीट वाचता येत नाही.

एका गुणाने हरलो.
बसमध्ये सगळ्या झोपल्या. मी नाही.
आणंद गेलं, वासद गेलं,
मी मांडीवरची फाइल
पावसात धरावी तशी धरून होते,
आणि पाऊस कुठेच नव्हता.

जशुभाई गुणपत्रकं उलटतात,
अंगठा जिभेला लावून, एकेक.
मी तिथे नाही, याची खात्री करून घेतात.
"नथी," म्हणतात, खूश होऊन, "क्यांय नथी!"
शिक्का. मंजूर. चहा मागवतात माझ्यासाठी.

खंडेराव मार्केटात सुटे परत घ्यावेत
तसं मी ते वर्ष हातात घेतलं,
उजेडात धरून पाहिलं.
खरंच आहे. चालेल.
फक्त ज्यांच्यासोबत ते काढायचं होतं
त्या त्यात नाहीत.
उर्वी भरूचला बी.एड. करते,
जिज्ञासाचं लग्न, धरा कुठल्याशा बँकेत.
या नव्या मुली मला ताई म्हणतात,
पाणी आधी मला देतात.
मला राग येतो, आणि मी पाणी पिते.

आज पहिल्यांदा पूर्ण बसले.
गुडघा कुरकुरला, पण वाकला.
पाठीवर हात पडला, खो ऐकू आला,
आणि आवाज कुणाचा ते कळेना,
त्या अर्ध्या क्षणात
समोरची पोरगी निसटली.

हजेरीच्या वहीत सरांनी
माहूरकर, इरावती
या नावापुढे पेन्सिलीने एक आकडा लिहिलाय: ५.
चौरस की वर्ष,
मी विचारलं नाही.